प्रतवारी

बांबोळीच्या ओपीडीत नवा डॉक्टर कागद पुढे सरकवतो.
"नळी बसवून वर्ष झालं. फरक?
चांगला, बरा, नाही. एकावर खूण करा."

मी वेंगुर्ल्याच्या कारखान्यात काजूगर निवडते.
एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस,
पाकळी, तुकडा, करपट.
बोटांनाच कळतं कुठला गर कुठल्या क्रेटात.
एका खुणेला मला वेळ लागू नये.

आधी वजन.
चौथ्या वर्षी चैत्राली आठ किलो दोनशे,
गराच्या दहा किलोच्या डब्याहून कमी.
आता अकरा सहाशे.
डबा भरला, वर थोडं उरलं.
छाती भरायची वर्षातून तीनदा,
यंदा एकदाच, तीही गणपतीत,
सगळं घर खोकत होतं तेव्हा.
इथवर सोपं आहे.

पूर्वी भरवायला दिवसाचे सहा तास.
पेज गाळलेली, गाळलेली पुन्हा गाळलेली.
घोट चुकला की ओठ निळे,
आणि मी चमचा तसाच धरून
शेजारच्या कोंबड्यांकडे बघत राहायची.
सासू म्हणायची,
"आवशीच्या हातान भरवल्यार गिळतला चेडू."
तिने ते मायेनेच म्हटलं होतं.
मी रात्री हात धुताना त्यांच्याकडे बघायची.

आता वीस मिनिटं.
सिरिंज खांद्याएवढी वर धरायची,
पेज आपल्या वजनाने उतरते.
उरलेल्या वेळेचं काय करायचं
पहिले आठ दिवस कळलं नाही.
तिची एकुलती बाहुली मी दोनदा धुतली.

भोकाभोवती लाल मांस वाढलं,
ओलं, डाळिंबाच्या दाण्याएवढं.
औषधाची काडी लावली की काळं पडतं, ती कळवळते.
झग्यावर पिवळे डाग, ते निघत नाहीत.
लग्नाच्या पंगतीत कुणीतरी वाकून विचारतं,
"मगे तेका चव कशी कळता?"
मी पानातली उसळ ढवळते.

मार्गशीर्षात एका रात्री अंथरूण ओलं लागलं.
दिगंबर बोटीवर.
नळी तिच्या मुठीत, फुगा फुटलेला.
भोक काही तासांत मिटतं, हे सांगून ठेवलेलं.
बांबोळी दोन तास,
आणि मेथरांची व्हॅन गॅरेजमध्ये.
पापडाच्या डब्यात दुसरी नळी होती.
माझी बोटं, चिकाने सोललेली, राखेत घासलेली,
एरवी अख्खा गर मोडू न देणारी,
त्या रात्री थरथरत होती.
ती रडली नाही. माझ्याकडे बघत होती.
आत गेली.
पाच मिली पाणी. हलकं ओढून पाहिलं, अडली.
सिरिंजने शोषलं तर रात्रीची पेज वर आली, आंबट.
त्या आंबट वासाइतकं चांगलं
मला वर्षभरात दुसरं काही वाटलेलं नाही.
हे कुठल्या रकान्यात, डॉक्टर?

ती बसत नाही. बोलत नाही.
नळीने तसं काही कबूल केलं नव्हतं,
मीच मनात कुठेतरी लिहून घेतलं होतं.

रविवारी जिभेवर आगळाचा एक थेंब,
तेवढीच परवानगी आहे.
सगळा चेहरा गोळा होतो,
मग सुटतो,
मग जीभ पुन्हा बाहेर येते.

कारखान्यात एक क्रेट असतो
कशातच न बसणाऱ्या गरांचा.
संध्याकाळी तो पुन्हा टेबलावर ओततात,
पुन्हा निवडतात, पुन्हा थोडे उरतात.
मुकादम कधी रागावत नाही त्यावर.

डॉक्टर पेनाचं टोपण उघडझाप करतोय.
बाहेर अजून चाळीस नंबर.
मी म्हणते, असं लिहा,
हिला उचलताना आता माझ्या कंबरेत कळ येते.
पूर्वी येत नव्हती.